शुक्रवारचे शेतकरी

साहेब मध्यमवर्गीय आहेत. हे आम्ही म्हणत नाही, तेच सांगतात, आणि पहिल्याच भेटीत सांगतात. पार्ल्याच्या दोन खोल्या, वडील बँकेत, शाळेला एकच बूटजोड, नवा शर्ट फक्त गणपतीत. सगळं खरं आहे. एवढंच, की हे सांगताना ते ज्या वेताच्या खुर्चीत बसलेले असतात तिच्यामागे पोहण्याचा तलाव असतो, तलावामागे सव्वा एकराची वाडी आणि वाडीमागे अरबी समुद्र. समुद्र अजून सरकारी आहे.

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत, म्हणजे सासवणे, आवास, किहीम, झिराड, नागाव या पट्ट्यात, अशा साहेबांची आता एक स्वतंत्र जातच झाली आहे. गावात त्यांना 'बंगलेवाले' म्हणतात. साहेबांना तो शब्द टोचतो. त्यांच्या लेखी ते 'घर' आहे, तेही 'छोटंसं', आणि फाटकावर जांभ्याच्या दगडात 'पर्णकुटी' असं कोरलेलं आहे. पर्णकुटीला पाच बेडरूम आहेत. खरे श्रीमंत कोण, असं विचारलं तर साहेब हाताने पलीकडची भिंत दाखवतात. त्या भिंतीआडचे लोक हेलिकॉप्टरने किंवा स्पीडबोटीने येतात, आम्हाला कधी दिसत नाहीत आणि त्यांची कुणाबद्दल काही तक्रारही नसते. आमच्या साहेबांचं तसं नाही. त्यांना मन आहे, आणि ते त्यांना खातं.

पूर्वी इथे यायचं म्हणजे गेटवेवरून लाँच, नाहीतर वडखळच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत तपश्चर्या. पावसाळ्यात लाँच बंद. १५ मार्च २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, आठवड्याभरात टाळेबंदीने ती बांधून ठेवली, आणि ऑगस्टात ती पुन्हा निघाली तेव्हा तिच्या पोटातून गाड्यांबरोबर साहेब लोकही उतरले ते उतरलेच. आता तासाभरात गाडीसकट, कुत्र्यासकट, पाण्याच्या कॅनसकट माणूस मांडव्याला लागतो. पाण्याचे कॅन का, असं मी एकदा विचारलं. "इथलं पाणी आपल्याला सोसत नाही हो," साहेब म्हणाले. उमटे धरणाचं पावसाळ्यातलं चहाच्या रंगाचं पाणी गावाला मात्र वर्षानुवर्षं सोसतं आहे. अगदीच सोसेनासं झालं की बायका पर्णकुटीच्या कोपऱ्याला लागून असलेल्या जुन्या विहिरीवर जातात.

घर बांधताना साहेबांनी सिमेंटचा स्लॅब घातला नाही. मंगलोरी कौलं पाहिजेत, तीही जुनी. ती गावातूनच मिळाली, कारण निसर्ग वादळानंतर ज्याला परवडलं त्याने कौलं उतरवून पत्रे किंवा स्लॅब घातला. माकडं नाचतात, दर वर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. आता साहेब संध्याकाळी गावातून फेरफटका मारतात आणि स्लॅबची घरं बघून हळहळतात. "गावपण टिकवा हो," ते ज्या म्हाताऱ्याला काकुळतीने सांगत होते त्याच्याच आजोबांची कौलं पर्णकुटीवर आहेत. म्हातारा म्हणाला, "टिकलंय की, तुमच्याकडे."

याच पट्ट्यातल्या किहीमला १९३० साली सालिम अलींनी नोकरी नसलेल्या काळात राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर पुढचं विणकाम. साहेबांची वास्तूही याच क्रमाने उभी राहिली, फक्त मॅडमनी पहिली तीन घरटी नापास केली आणि त्या प्रत्येकाची मजुरी गवंड्याला हप्त्याहप्त्याने मिळाली.

पण साहेबांचं खरं वैभव सातबाऱ्यावर आहे. ते शेतकरी आहेत. आईच्या वारशाने तासगावकडच्या कुठल्याशा चौदा गुंठ्यांत त्यांचं नाव लागलं, त्या आधारावर शेतकरी असल्याचा दाखला निघाला आणि दाखल्यावर ही वाडी घेता आली. हा दाखला का लागतो, ते मात्र सांगितलं पाहिजे, कारण त्याची मुळं इथून चार कोसांवर आहेत. १९३३ च्या ऑक्टोबरात अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन कसायचं नाकारलं. पंचवीस गावांतली भातशेतं सहा वर्षं पडीक राहिली. पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या अंगणात ओतायचा आणि वर वेठही करायची, त्यापेक्षा लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून राहू, असं ठरलं. डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. संप १९३९ साली मिटला, आणि कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्यांची वाट तिथून पुढे १९४८ च्या कूळकायद्यापर्यंत गेली. त्यातलं कलम ६३ सांगतं की जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. हेतू असा, की जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी. परिणाम असा, की मुंबईतले अनेक नामवंत शेतकरी झाले.

साहेबांना हा इतिहास पाठ आहे. पाहुणे आले की ते त्यांना चरीला नेतात, सहा वर्षांच्या संपाची गोष्ट सांगतात आणि सांगताना त्यांचा कंठ खरोखर दाटतो. परतीच्या वाटेवर, शेजारचे आठ गुंठे विकायचे आहेत असं कळलं तर ते तेवढ्यापुरते सावरतात.

शेती म्हणाल तर ड्रॅगन फ्रूट, अ‍ॅव्होकॅडो आणि पिशव्यांतली कसलीशी इवलीशी पालेभाजी. पहिल्या वर्षी अ‍ॅव्होकॅडोची तीन फळं लागली. दोन माकडांनी नेली. उरलेल्याचा उत्पादनखर्च माळ्याने मला बोटांवर मोजून दाखवला आणि मग बोटं कमी पडली म्हणून सोडून दिला. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा साहेबांनी आनंदाने पेढे वाटले. रस्त्यालगत कांद्याच्या माळा घेऊन बसलेल्या बाईशी ते घासाघीस करत नाहीत. उलट दहा-वीस रुपये वरच देतात आणि तिचा हात हातात घेऊन "खरी शेतकरी तुम्ही" म्हणतात. ती बाई कांदा पिकवणाऱ्या कार्ल्याकडचीच, पण ते कांदे तिने दुसऱ्याकडून आणलेले असतात. तिच्या सातबाऱ्यावर तिच्या दिराचं नाव आहे.

माळी आणि त्याची बायको वाडीतल्या मागच्या खोलीत राहतात. पहिल्याच दिवशी साहेबांनी माळ्याला सांगितलं, "मला साहेब म्हणायचं नाही. दादा म्हणायचं." तेव्हापासून तो त्यांना दादासाहेब म्हणतो. साहेबांनी त्याच्या मुलीच्या नर्सिंगची फी भरली. म्हातारी आजारी पडली तेव्हा दवाखान्याचं बिल भरलं. मुंबईतला जुना फ्रिज दिला, टीव्ही दिला, नातवाचे बूट दिले, एकदा कॉफीचं यंत्रही दिलं. पगार मात्र 'इथल्या दराने'. हा दर कोण ठरवतं? बंगलेवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथे तो आपोआप ठरतो. एकाने वाढवला तर सगळ्यांचा बाजार बिघडतो, आणि साहेब शेजारधर्माला पक्के आहेत. एकदा माळ्याने दोन हजार वाढवून मागितले तर ते खरोखर दुखावले. पगाराची भाषा आली की नात्यात पैसा येतो, असं त्यांचं मत आहे. मला विचाराल तर गोष्ट सोपी आहे. फ्रिज दिला की समोरचा उपकार मानतो, पगार दिला की कुणी मानत नाही, आणि उपकाराशिवाय साहेबांना करमत नाही.

एक गोष्ट मात्र बिनशर्त कबूल केली पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन-मुरुडपासून अलिबागपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, दिवसचे दिवस वीज नाही, फोन नाही. पोफळ पुन्हा लावली तर सुपारी दिसायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे म्हातारी माणसं पडलेल्या झाडांकडे बघून हिशेबच करत नव्हती. त्या आठवड्यात साहेबांनी ताडपत्र्या, सौरदिवे आणि तांदूळ भरून दोन टेम्पो पाठवले. सरकारी पंचनामे कागदावर होते तेव्हा आमच्या आळीत त्यांच्या ताडपत्र्या छपरावर होत्या. त्या पावसाळ्यात मी त्यांच्याबद्दल एक शब्दही वाकडा बोललो नाही, आणि माझ्या ओळखीच्यांना ठाऊक आहे की ते किती अवघड आहे.

अडचण वादळ नसतं तेव्हा होते. वाडीच्या मधून समुद्राकडे जाणारी एक पायवाट होती. कोळणी पाट्या घेऊन जायच्या, पोरं जायची, गणपतीचं विसर्जन त्याच वाटेने. आधीच्या मालकाने ती कधी अडवली नव्हती आणि साहेबांनीही नाही. किहीमचा हिरेव्यापारी नीरव मोदीचा बेकायदेशीर बंगला ८ मार्च २०१९ ला प्रशासनाने सुरुंग लावून पाडला तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या, "किनारा सगळ्यांचा आहे" असं फेसबुकवर लिहिलं, आणि सोमवारी आपल्या कुंपणाच्या मोजणीसाठी आर्किटेक्टला फोन केला. तरीही वाट उघडी होती. मग एके दिवशी त्यांनी गॅलरीतून पाहिलं की बाया काट्याकुट्यातून, मागच्या बाजूने, माना खाली घालून जाताहेत. साहेबांना वाईट वाटलं. मानाने जायला हवं, ते म्हणाले.

त्यांनी सभा बोलावली. खुर्च्या, कोकम सरबत, भिंतीवर पडदा. मुंबईहून आलेल्या एका तरुणीने नकाशे दाखवले. दोन महिन्यांत वाडीला वळसा घालून जांभ्याची पाखाडी झाली, सौरदिवे लागले, झाडांवर तीन भाषांत नावं लागली. जुन्या वाटेची आता गरजच उरली नाही, म्हणून तिथे हिरवळ लावली. नवी वाट आठ-दहा मिनिटं लांब पडते. डोक्यावर पाटी असेल तर थोडी जास्त. उद्घाटनाला एका वयस्क कोळणीला फीत कापायला लावली आणि दोन शब्द बोलायला सांगितले. ती दोनच वाक्यं बोलली. "दिवे झ्याक हायेत. जुनी जवळ होती." साहेबांनी पहिल्याला टाळ्या दिल्या.

विनोबा याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. पर्णकुटीत त्यांची पुस्तकं आहेत आणि साहेबांनी ती वाचलेली आहेत, हे विशेष. संपत्तीचे आपण मालक नाही, विश्वस्त आहोत, असं ते मनापासून मानतात. मला घरचा सहावा मुलगा समजा आणि जमिनीचा सहावा हिस्सा द्या, हे विनोबांचं मागणं निघालं की म्हणतात, "तो काळ वेगळा होता, गुरुजी."

गेल्या थंडीत त्यांनी पोपटीला बोलावलं. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडक्यात खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, भोवती पेंढ्यापालापाचोळ्याची आग. सगळं माळी करत होता आणि साहेब पाहुण्यांना समजावून सांगत होते. मग विषय देशावर गेला. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या पॅरिसच्या मंडळींचा २०२४ चा निबंध साहेबांनी वाचला होता. देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती! "या एक टक्क्याने देश गिळला," साहेब म्हणाले आणि सगळ्या पाहुण्यांनी पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, या एक टक्क्यात जायला कमाई लागते किती? साहेबांना तोही आकडा ठाऊक होता. वर्षाला साधारण एकवीस लाख. ते तो मोठ्याने बोलले, पुढे गेले आणि पीटर सिंगर या तत्त्वज्ञाच्या १९७२ च्या निबंधावर आले. उथळ तळ्यात मूल बुडतंय, तुमचे कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही त्याला वाचवणार नाही का? नाही ना? मग दूर देशात उपाशी मरणारं मूल वेगळं कसं? प्रश्न बिनतोड आहे. पाहुणे गप्प झाले, तलावाच्या निळ्या दिव्यांकडे बघत राहिले.

माळी मडकं उतरवत होता. "पोराला पोहायला येत नव्हतं?" त्याने मला हळूच विचारलं. ही शंका त्याच्या जागी रास्त होती. नागावला, काशीदला बुडतात ते मुंबई-पुण्याचे, आणि कपड्यांसकट उडी टाकून काढतात ती गावातली पोरं. माळ्याच्या थोरल्याने आजवर तिघांना काढलं आहे. त्यातल्या एकाने नंतर घड्याळ हरवल्याची तक्रार केली.

पोपटी संपल्यावर राख ओढताना तो पुन्हा माझ्याजवळ आला.

"गुरुजी, वर्साला एकवीस लाख म्हणजे म्हयन्याला किती?"

"पावणेदोन लाख."

त्याने फाटकाजवळ उभ्या असलेल्या गाड्या नजरेने मोजल्या. "म्हंजे आपले दादासाहेब त्या एक टक्क्यात?"

"कधीचेच."

"त्यांना ठाव नाय?"

"नसावं."

तो घाबरून माझ्या जवळ सरकला. "मग सांगू नका हां गुरुजी. मागं त्यांना वाईट वाटलं तवा वाट गेली. आता विहीर तेवढी राहिली हाय."