आठ आणे जाडीची दोरी

अमेरिकेतल्या मराठी मंडळांत पार्किंगवाले काका असतात, ढोलताशावाले काका असतात, आरतीला माइक न सोडणारे काकाही असतात. आमच्या न्यू जर्सीत आणखी एक जात आहे: बोटवाले काका. बोट आणि मासेमारी हे निमित्त. खरा जीव दोरीत.

आमच्या काकांची बोट १९ फुटी, सेकंडहँड, मागे एक आउटबोर्ड इंजिन. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवेनं तासभर दक्षिणेला गेलं की बार्नेगॅटची खाडी लागते, तिथल्या एका मरीनात ती उभी असते. उभी म्हणजे बांधलेली. पुढे दोन दोऱ्या, मागे दोन, बोट पुढेमागे सरकू नये म्हणून दोन्ही अंगांना तिरक्या दोन, आणि 'असू दे' म्हणून आणखी एक. शेजारच्या अमेरिकन आजोबांची ३० फुटी बोट चार दोऱ्यांवर मजेत डुलत असते. काकांची मात्र अतिदक्षता विभागातल्या पेशंटसारखी, जिथून तिथून नळ्या लावलेली.

दोरीच्या जाडीचा तिकडे एक ठोकताळा आहे: बोटीच्या दर नऊ फुटांमागे इंचाचा आठवा भाग. काका तो, इंच म्हणजे रुपया धरून, आण्यांत सांगतात. "नऊ फुटांना दोन आणे. म्हणजे आपल्याला खरं तर पाच आणेसुद्धा पुष्कळ. दुकानात सहा आणे मिळते." मग तुम्ही कोणती घेतली? "आठ आणे." का? "सँडी."

सँडी हे वादळ २०१२ च्या ऑक्टोबरात आलं आणि जर्सीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटी लोकांच्या अंगणात नेऊन ठेवून गेलं. काकांनी बोट घेतली त्यानंतर सहा वर्षांनी. पण सँडीची गोष्ट ते अशी सांगतात की त्या रात्री दोरीचं दुसरं टोक यांच्याच हातात होतं असं वाटावं.

हे वेड अमेरिकेत लागलेलं नाही. काका मूळचे गिरगावातले. मिठाईच्या पुड्याची दोरी सोडवून, बोटांवर गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्या घरातले. पुडा कात्रीनं उघडणं म्हणजे त्या घरात जवळजवळ दरोडा. पुढे हेच काका भारतात निघाले की सूटकेसला नायलॉनची दोरी अशी आवळायचे की विमानतळावरच्या तपासनिसानंही दया येऊन बॅग न उघडता पुढे सरकवावी. सुंभ जळतो, पीळ जात नाही. इथे तर सुंभच दर उन्हाळ्याला नवा येतो.

एवढ्या दोऱ्या १९ फुटांत ठेवायच्या कुठे? काकांची पहिली तीन वर्षं याच प्रश्नात गेली. आधी नांगराच्या कप्प्यात ठेवल्या. महिन्याभरात त्यांना सुक्या बोंबलाचा वास लागला. मग बाकाखाली कोंबल्या, तर लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांशी त्यांचा असा गुंता झाला की जॅकेट घालायचं तर दोरीसकट घालावं लागे. मग कठड्यावर नुसत्या अडकवल्या. बोटीनं वेग घेतला, वाऱ्यानं एक वेटोळं उचललं आणि पाण्यात टाकलं. नायलॉन पाण्यात बुडतं. बुडालं ते थेट इंजिनाच्या पंख्यात. त्या दिवशी परत यायला दुसऱ्याची बोट आणि दुसऱ्याचीच दोरी लागली. काकांना दुःख झालं ते दुसऱ्या गोष्टीचं. "चार आण्यांची होती रे त्याची."

तेव्हापासून दुधाच्या कॅनची जाळीदार क्रेट आली. खालून पाणी निथळतं, चहूकडून वारा लागतो, आणि क्रेट दोन पट्ट्यांनी बाकाच्या पायाशी करकचून बांधलेली. दोरी तीन पेडी, उजव्या पिळाची. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच गुंडाळायची, उलट गुंडाळाल तर पीळ रुसतो. प्रत्येक वेटोळ्याला वेल्क्रोची पट्टी आणि वर मार्करनं देवनागरीत लिहिलेलं: 'पुढची डावी', 'मागची उजवी', 'असू दे'. रोजच्या जागेच्या दोऱ्या खांबालाच अडकवून निघायचं, ही तिथली साधी सोपी रीत. काका तसं करत नाहीत. कुणी उचलून नेल्या तर? शेजारच्या आजोबांना ती लेबलं म्हणजे संस्कृत प्रार्थना वाटतात. त्यांनी एकदा हात जोडलेले मी पाहिले आहेत.

खाऱ्या पाण्यानं दोरी कडक होते. मग ती काकांच्या उशीच्या अभ्र्यात भरून, वर गाठ मारून, घरच्या वॉशिंग मशीनमध्ये मऊ होऊन येते. हे काकूंना कळलं तेव्हा अभ्रा डोक्याखाली होता.

मला त्यांनी मासे पकडायला म्हणून बोलावलं आणि अर्धा तास खुंटासमोर उभं केलं. "बुडाला एक पूर्ण वेढा. मग दोन शिंगांवरून आठाचा आकडा. इंग्रजी आठ हां! मराठी ८ घालशील तर बोट जाईल समुद्रात. शेवटी एक उलटा पेच. बास! निरगाठीची ताकद, सुरगाठीचा स्वभाव." मी बांधली. काकांनी ती सोडली, तश्शीच पुन्हा बांधली आणि म्हणाले, "आता बरोबर."

मग एकेक दोरी सुटली, गुंडाळली गेली, नाव वाचून क्रेटमध्ये बसली. काकांनी थर्मासमधला चहा ओतला, टोपी सारखी केली, इंजिन सुरू केलं. बोट चार फूट गेली आणि दावणीच्या बैलासारखी हिसका खाऊन थांबली. चहा माझ्या अंगावर, काका स्टिअरिंगवर. मागे 'असू दे' दोन्ही टोकांनी तटतटून ताणलेली. शेजारचे आजोबा कॉफी घेता घेता थबकले. काका सावरले, मागे वळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान मी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"बघितलंस? सुटली नाही!"

मासे? एक फ्लूक लागला, आपल्या लेपीचा थोरला चुलतभाऊ. मापात बसत नव्हता म्हणून परत सोडला. दिवस संपल्यासारखं वाटत होतं, पण धक्क्याला लागायचं होतं, म्हणजे काकांचा दिवस आत्ता सुरू होत होता. बोट लावताना वारा उलटा आला, काका पुढे अडकले, आणि तिथूनच ओरडले, "मागची डावी तू घे!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी दोरी बांधायला दिली होती. मी वेढा घातला, इंग्रजी आठ घातला, उलटा पेच दिला.

रात्री अकराला फोन वाजला.

"झोपला होतास का? नाही, सहज. ती मागची डावी... नंतर मी तपासली होती ना रे?"

"नाही काका. तुम्ही क्रेट बांधत होतात."

"हो का. बरं, बरं. छानच बांधली असशील तू. झोप."

फोन ठेवायचं ते विसरले होते. पलीकडे आधी काकूंचा आवाज आला, मग किल्ल्यांचा, आणि मग गराजचं दार वर जायला लागलं.