तिसऱ्या वर्षाची कमाई

आर्थिक नियोजन शिकावं ते सिसिलीचा रोमन सुभेदार गायस व्हेरेस याच्याकडून. इ.स.पू. ७३ ते ७१ अशी तीन वर्षं त्याला प्रांत खायला मिळाला. पहिल्या वर्षाची कमाई स्वतःला, दुसऱ्या वर्षाची वकिलांना आणि पाठीराख्यांना, तिसऱ्या, सगळ्यांत घसघशीत वर्षाची पंचांना, अशी वाटणी तो उघड बोलून दाखवायचा, असं पुढे त्याच्यावर लुटीचा खटला चालला तेव्हा फिर्यादीचा वकील सिसेरो याने भर कोर्टात सांगितलं. एकट्याने खाऊ नये, हे संस्कार कुठेतरी होतेच.

सुभेदारांच्या लुटीविरुद्ध कायदा नव्हता असं नाही. इ.स.पू. १४९ मध्येच कॅल्पर्निअस पिसोने तो करून ठेवला होता. त्याचं लॅटिन नावच मुळी 'परत मागायचे पैसे' अशा अर्थाचं. म्हणजे सुभेदाराने घेतली ती लाच नव्हे, उसनवारी, तीही बिनव्याजी! पंच सिनेटर, आरोपीही बहुधा सिनेटर. घरचं भांडण घरात.

पुढे ट्रिब्यून गायस ग्राकसच्या काळात दोषी सुभेदाराकडून लुटीच्या दुप्पट वसुली होऊ लागली आणि पंचांच्या खुर्च्या धनिक 'इक्विटीज'कडे गेल्या. प्रांतांतल्या करवसुलीचे ठेकेदार याच वर्गातले. रोमच्या आशिया प्रांतात रुटिलिअस रुफस या अधिकाऱ्याने या ठेकेदारांना रयतेला ओरबाडू दिलं नाही. इ.स.पू. ९२ मध्ये तोच खंडणीखोर ठरला.

मग हुकूमशहा सुल्लाने खुर्च्या पुन्हा सिनेटरांना दिल्या. निकाल मेण लावलेल्या पाटीवर द्यायचा, गुप्त मतदान. पण एका खटल्यात विकत घेतलेल्या पंचांच्या पाट्यांना वेगळ्या रंगाचं मेण लावलं होतं म्हणे. बरोबरच आहे, पैसे मोजल्यावर माल पोचला की नाही, हे बघायला नको?

व्हेरेसच्या खटल्यात सिसेरो पंचांना तोंडावर म्हणाला, प्रांतांतले लोक उद्या शिष्टमंडळं पाठवून हा कायदाच रद्द करा म्हणतील. कायदा नसला तर सुभेदार आपल्यापुरतं लुटेल, आता त्याला पंचांपुरतंही लुटावं लागतं.

पुराव्यासाठी ११० दिवस मिळाले असताना सिसेरो ५० दिवसांत सिसिली पालथी घालून परतला. साक्षी सुरू झाल्या तसा व्हेरेस निकालाची वाट न पाहता मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, पसार झाला. सिसिलीपासून लांबच बरं.

रुटिलिअसनेही रोम सोडलं. पुढे राहायला गेला तो स्मर्नाला, आशिया प्रांतातच. ज्यांना लुटल्याबद्दल शिक्षा झाली, त्यांनीच त्याला आपलं नागरिकत्व दिलं.