व्यवसायांतर-चंद्रिका, अर्थात जामीनदाराची कैफियत

ज्या इसमाचे वय तिशीच्या पुढे आणि चाळिशीच्या अलीकडे असून, जो दरमहा वेतन घेऊन सुखाने कालक्रमणा करीत असताना एके दिवशी अकस्मात ‘मला पुन्हा शिकायचे आहे’ असे उद्गार काढतो, त्याच्या उपयोगासाठी, आणि त्याहूनही अधिक त्याच्या आप्तेष्टांच्या सावधगिरीसाठी, प्रस्तुत मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. मार्गदर्शकाचा अधिकार कोणता, हा प्रश्न शास्त्रानुसार प्रथमच उपस्थित होतो. एकाच कचेरीत, एकाच खुर्चीवर सेवाकाल पुरा करून निवृत्त झालेल्या मज गृहस्थास व्यवसायांतराचा अनुभव शून्य. परंतु सख्ख्या भाच्याच्या कर्जप्रकरणात जामीनदार म्हणून माझी स्वाक्षरी असल्याकारणाने या विषयावर बोलण्याचा जितका हक्क मला पोचतो, तितका कोणत्याही विद्यापीठाच्या कुलगुरूंस पोचत नाही.

कलम पहिले. आपला सिद्दी कोण, हे आधी निश्चित करावे.

श्रीवर्धनच्या रहिवाशाने व्यवसायांतरासाठी परदेशस्थ ग्रंथकारांचे पाय धरण्याचे कारण नाही. ज्यांचे स्मारक आमच्या गावात उभे आहे ते बाळाजी विश्वनाथ भट हे या शास्त्राचे आद्य आचार्य होत. घरची पिढीजात देशमुखी, समुद्र पुढ्यात, नारळ-पोफळी पाठीशी, असे सर्व यथास्थित असताना जंजिऱ्याच्या सिद्दीशी वितुष्ट आले आणि या गृहस्थाने श्रीवर्धन सोडले. चिपळुणास मिठागरावर कारकुनी केली; मग घाट चढून वसुलाच्या दप्तरात शिरले, पुणे प्रांताची सरसुभेदारी केली, आणि १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते. आता कल्पना करा की गाव सोडण्यापूर्वी त्यांनी आमच्या ओटीवरील मंडळींचा सल्ला घेतला असता. ‘वतनाची देशमुखी टाकून मीठ मोजायला निघालास? अरे, सिद्दी काय, आज आहे उद्या नाही,’ असे सांगून त्यांना झोपाळ्यावर बसवून ठेवण्यात आले असते, आणि पुण्यात शनिवारवाडा झाला नसता.

तात्पर्य काढणे हा माझा उद्देश नाही. केवळ एवढेच सुचवावयाचे आहे की बाळाजीपंतांनी आपला ‘कल’ तपासण्यासाठी कोणतीही प्रश्नपत्रिका सोडविल्याचा दाखला नाही. त्यांना सिद्दी होता. ज्यास सिद्दी नाही, केवळ कंटाळा आहे, त्याने राजीनामा लिहिण्यापूर्वी महिनाभराची बिनपगारी रजा मागून पाहावी. निम्मा रोग तेवढ्याने उतरतो. आमच्या चिरंजीवांचा, म्हणजे या भाच्याचा, सिद्दी म्हणजे पुण्यातील एका बांधकाम-व्यवसायातील वरिष्ठ असून, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या या तरुणाकडून ते वर्षानुवर्षे तळघरातील वाहनतळाचे नकाशे काढून घेत होते. इतकी वर्षे जमिनीखाली काढल्यावर माणसाला समुद्र आठवावा, यात नवल नाही.

कलम दुसरे. विषय असा निवडावा की ज्याचा उच्चार ओटीवरील मंडळींस एका दमात करता येणार नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा टाळेबंदीमुळे चिरंजीव घरीच होते. आक्काच्या, म्हणजे चिरंजीवांच्या आईच्या, वाडीतील पोफळी, ज्यांतील कित्येक तिच्या सासऱ्यांच्या हातच्या, दुपारभरात आडव्या झाल्या. पोफळ ही रोपापासून फळास यावयास सहा-सात वर्षे घेते, ही गोष्ट मुंबईत बसून नुकसानीचा दर ठरविणाऱ्यांस ठाऊक नसावी. कारण प्रथम जाहीर झालेली भरपाई हेक्टरी ५० हजार होती, आणि ज्या गावात वाडी गुंठ्यांत मोजतात तेथे त्याचा हिशेब गुंठ्यास सुमारे पाचशे रुपये होतो. पाचशे रुपयांत पडलेली झाडे तोडून बाहेर काढणारा गडीसुद्धा दोन प्रहरांपुढे थांबत नाही. असो. हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य नव्हे. परंतु लिहिण्याच्या ओघात आले ते खोडावेसे वाटत नाही.

त्या दिवसापासून चिरंजीवांच्या मनात किनारा-अभियांत्रिकी हा विषय भरला. लाटा किनाऱ्याशी कशा वागतात, वाळू कोठून निघते आणि कोठे जाऊन बसते, बंधारा कोठे घातला असता शेजारच्या गावाचा किनारा खचतो, इत्यादींचे हे शास्त्र असून त्याची एक जुनी संस्था जर्मनीतील हॅनोव्हर येथे आहे. वृत्त ओटीवर पोचताच सभा भरली. एका ज्येष्ठांनी विचारले, ‘समुद्र इथे, मग शिकायला तिकडे कशाला?’ दुसऱ्यांनी हॅनोव्हर समुद्रकाठी आहे काय अशी पृच्छा केली, आणि नाही असे कळताच जे हास्य झाले ते जीवनेश्वराच्या देवळापर्यंत ऐकू गेले असावे. तिसऱ्यांनी नेहमीप्रमाणे चिंतामणराव देशमुखांचा दाखला काढला: आपल्याच जिल्ह्यातील मुलगा, १९१२ साली मॅट्रिकला पहिला, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा मानकरी, बुद्धी असली म्हणजे पैशाचा प्रश्न येतोच कोठे? हा दाखला गेली साठ वर्षे रायगड जिल्ह्यातील प्रत्येक दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाच्या डोक्यावर आपटण्यात येत असून, त्यात खुद्द चिंतामणरावांचा काहीही अपराध नाही.

कलम तिसरे. ओटीवरील सल्ला ऐकून घ्यावा, चहा द्यावा, आणि जे काम आपण करू इच्छितो ते प्रत्यक्ष करीत असलेल्या दोन माणसांस गाठून त्यांचा दिवस कसा जातो ते विचारावे. शिकविणाऱ्यांस विचारू नये. ते सर्वांस ‘या’ म्हणतात.

कलम चौथे. वेळापत्रक दीड वर्षाचे आखावे.

जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. अर्जाची मुदत बहुधा आदल्या जुलैच्या मध्यावर, कित्येकदा त्याच्याही पुष्कळ आधी संपते. तत्पूर्वी आपल्या पदव्या खऱ्या आहेत असे ए.पी.एस. नामक दाखला देणाऱ्या कचेरीकडून वदवून घ्यावे लागते. आणि व्हिसाच्या मुलाखतीचा दिवस मिळणे हे दैवाधीन. यात नोकरीतील सूचनेचा काळ मिळवावा. प्रवेशपत्र आणि कर्जमंजुरी हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये, हे मी चिरंजीवांस सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. माझ्या हयातीत त्यांनी ऐकलेली ही बहुधा पहिली गोष्ट असेल.

कलम पाचवे. द्रव्यविचार.

पूर्वी कोकणातील मुलगा पुण्यास शिकायला जाई तेव्हा त्याचे अर्थकारण सोपे होते: सात घरी वार लावून जेवायचे, आणि वार न मिळेल त्या दिवशी एकादशी करायची. जर्मन सरकारास वारांची पद्धत अवगत नसल्याने, विद्यार्थ्याने वर्षाच्या निर्वाहाची रक्कम एका बंद खात्यात आगाऊ भरून दाखवावी असा त्यांचा दंडक आहे. ही रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षास ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाखांच्या घरात आहे. तीतून दरमहा ठरावीक हप्ता मुलास मिळतो. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे ऐकून हुरळलेल्या बापांनी बंद खात्याचे वाक्य दोनदा वाचावे.

शिष्यवृत्त्या आहेत, परंतु वयाची अट पाहावी, कारण शासनाच्या परदेशी शिष्यवृत्तीत पदव्युत्तर अभ्यासक्रमास ३५ ही रेषा असते आणि व्यवसायांतराची बुद्धी माणसाला बहुधा छत्तिसाव्या वर्षी होते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापिला तो अद्याप चालू आहे. त्यातून मिळते ते दान नसून कर्ज असते, आणि या थोर पुरुषाची दूरदृष्टी मला येथेच सर्वांत अधिक जाणवते: मुलगा फेडतो, मग पुढच्याला मिळते.

उरली बँक. बँकांच्या आदर्श शिक्षण-कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही. चार ते साडेसात लाखांस सामान्यतः तिऱ्हाइताची हमी, म्हणजे मामा. आणि साडेसात लाखांपुढे स्थावर वा तत्सम तारण. आमची गरज साडेसातांच्या पुढे गेल्याने मामा तर लागलाच, वर तारणही लागले, आणि येथून खरा ग्रंथ सुरू होतो.

तारण म्हणून आक्काने वाडी पुढे केली. बहुतेक बँका शेतजमीन या कामी घेण्यास नाखूश असतात, हे कळले. मग घर पुढे केले. घरपट्टी आक्का भरते, परंतु घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हेही कळले. सबब कागद काढले. कोकणात कोणत्याही मिळकतीचा उतारा काढणे म्हणजे पितृपक्षात सर्व पितरांस एकदम पानावर बोलावण्यासारखे आहे. उताऱ्यावर भाच्याच्या पणजोबांचे नाव, त्याखाली त्यांच्या चार मुलांचे, त्यांपैकी दोघांच्या वारसांची नोंदच नाही. एक शाखा बोरिवलीस, एक नागपुरास, एक चुलत आत्या बडोद्यास, आणि एक इसम कॅनडात, जो श्रीवर्धनास एकदाच, मुंजीसाठी आला होता. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींचाही जन्मसिद्ध समान हक्क मान्य झाल्यामुळे, ज्या आत्यांना पूर्वी कोणी विचारीत नसे त्यांना आता विचारावेच लागते, आणि त्यांनी ती संधी सोडली नाही. बडोद्याच्या आत्यांनी प्रथम त्यांच्या लग्नात आहेराची वाटी कोणी ठेवून घेतली याचा निवाडा मागितला. तो मी दिला. मग त्यांनी सही दिली.

येथे इच्छुकांनी लक्षात ठेवावे: वारस-नोंद होऊन फेरफार मंजूर होण्यापूर्वी हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस काढावी लागते, हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे, कोऱ्या कागदावरील ‘माझी हरकत नाही’ ही ओळ बँकेत चालत नाही, आणि परदेशस्थ हिस्सेदाराचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यावे लागते. ज्यांच्या घरी कोणीही व्यवसायांतर करणार नाही अशांनीसुद्धा हे काम आजच हाती घ्यावे. आमचे जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, मध्ये राजपुरीची खाडी. या कामाच्या फेऱ्यांत दिघीहून आगरदांड्यास जंगलबोटीने पलीकडे जाताना मी पुष्कळ विचार केला, आणि त्यातील बराचसा छापण्याजोगा नाही.

कलम सहावे. व्याज.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता मागितला जात नाही. परंतु व्याज त्या काळातही चढतच असते, आणि पुढे मुदलात मिळविले जाते. सबब शिक्षणकाळात निदान व्याज तरी भरत जावे. पुष्कळ बँका त्यासाठी दरात अल्पशी सूटही देतात. आयकर कायद्यातील एका कलमान्वये जुन्या करपद्धतीत या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते. ती स्वतःच्या, पत्नीच्या वा पतीच्या, मुलांच्या, अथवा आपण ज्याचे कायदेशीर पालक आहोत त्याच्या शिक्षणासाठी मिळते. मामा या नात्याचा त्यात उल्लेख नाही. मी ते कलम तीन वेळा वाचले. लग्नात अंतरपाटामागे मुलीला धरून उभे राहण्यास मामा लागतो, जावळास मामाची मांडी लागते, कर्जास मामाची सही लागते. वजावटीच्या वेळी मात्र मामा परका.

कलम सातवे. धनकोने, आणि जामीनदारानेही, पत्रव्यवहार ठेवावा.

याही बाबतीत श्रीवर्धनच्या भट घराण्याचे उदाहरण पुढे आहे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी बाळाजी विश्वनाथांस आणि पुढे बाजीरावांस कर्जे दिली, आणि संन्यासी असूनही पैशाची आठवण देण्यात कधी आळस केला नाही. दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकणारा वीर धावडशीच्या पत्रांपुढे किती अवघडून जात असे, हे त्या काळच्या कागदांवरून दिसते. हा आदर्श ठेवून मीही चिरंजीवांस दर पंधरवड्यास लिहितो. उत्तरे येतात, पण त्यांत हिशेब नसतो. मागच्या पत्रात त्याने लिहिले की तेथे एका लांब हौदात यंत्राने लाटा निर्माण करतात, आणि काल त्याने स्वतः एक लाट सोडली. ती भिंतीवर फुटताना त्याला आपल्या किनाऱ्यावरील बंधारा आठवला, तो जेथे आहे तेथे नको होता, आणि का, ते त्याने दोन पाने भरून आकृत्यांसह समजाविले आहे. मला त्यातील निम्मे कळले. ते पत्र मी ओटीवर वाचून दाखविले. हॅनोव्हर समुद्रकाठी नाही म्हणून हसलेल्या गृहस्थांनी आकृतीचा कागद मागून घेतला. अद्याप परत दिलेला नाही.

कलम आठवे. जामीनदाराने सही करण्यापूर्वी अटी संपूर्ण वाचाव्यात, आणि न लिहिलेल्या अटींचीही चौकशी करावी.

लिहिलेली अट अशी की ऋणकोने हप्ता चुकविल्यास जामीनदार जबाबदार. न लिहिलेली अट अशी की वादळानंतर चिरंजीवांनी स्वतः खड्डे काढून रोठा पोफळीची जी रोपे लावली, ती त्यांच्या गैरहजेरीत कार्तिकापासून पाऊस पडेपर्यंत कोणीतरी शिंपली पाहिजेत. आक्काचे गुडघे दुखतात. बोरिवली, नागपूर, बडोदे आणि कॅनडा येथील सहहिस्सेदारांनी या बाबतीत कोणताही हक्क सांगितलेला नाही. सबब एक दिवसाआड सकाळी मी वाडीत असतो, आणि ज्यांना या ग्रंथातील एखाद्या कलमाविषयी शंका असेल त्यांनी तेथेच यावे. येताना पंप दुरुस्त करणारा कोणी ओळखीचा असल्यास त्याला बरोबर आणावे, कारण परवापासून तो नुसता आवाज करतो आणि पाणी चढवीत नाही.