खिशाचं माप

अमेरिकेतल्या शाळांत दोन प्रकारच्या बंदुका सापडतात. एक म्हणजे बंदुकीसारखी दिसणारी वस्तू आणि दुसरी म्हणजे बंदूक. पहिली लगेच सापडते.

मार्च २०१३मध्ये मेरीलँड राज्यातल्या एका सात वर्षांच्या पोराने शाळेत स्ट्रॉबेरीची पेस्ट्री कुरतडली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला डोंगर करायचा होता. शाळेला तो डोंगर बंदुकीसारखा दिसला आणि पोराला दोन दिवस घरी बसवण्यात आलं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१६मध्ये शाळेचा निर्णय कायम राहिला. मुद्देमाल बहुधा आरोपीने आधीच खाल्ला असावा.

फ्लोरिडाने यातून धडा घेतला आणि २०१४मध्ये चक्क कायदाच केला. अर्धवट खाल्लेली पेस्ट्री किंवा अन्य खाद्यपदार्थ शस्त्रासारखा रोखून धरला, म्हणून मुलाला शिक्षा करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अर्धवट म्हणजे नेमकी किती, आणि अख्ख्या पेस्ट्रीचं काय, हे त्या सभागृहात कुणी विचारलं की नाही कोण जाणे. आपल्याकडे एखाद्या आमदाराने नक्की विचारलं असतं.

मेरीलँडचं आणि खाऊचं मात्र काहीतरी वाकडं आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये तिथल्याच बाल्टिमोर काउंटीत शाळेच्या एआय कॅमेऱ्याला सोळा वर्षांच्या मुलाच्या हातातलं चिप्सचं पाकीट बंदूक वाटलं. पोलीस खऱ्या बंदुका रोखून आले, पोराला बेड्या घातल्या. वाईट याचं वाटतं, की सुरक्षा विभागाने तो इशारा तपासून आधीच रद्द केला होता. रद्द झाल्याचं मुख्याध्यापिकेच्या लक्षातच आलं नव्हतं. यंत्र कितीही हुशार आणा, निरोप पोचवायचं काम शेवटी माणसांकडेच राहतं.

तिथे या विषयाचा अभ्यास झालेला नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. अभ्यास उत्तम झाला आहे. १९९९च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर राष्ट्राध्यक्षांची राखण करणारी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं मिळून कामाला लागली. त्यांनी शाळांवरचे ३७ हल्ले तपासले आणि २००२मध्ये अहवाल दिला. हल्लेखोराचा ठरावीक साचा नसतो. ज्याच्यावर हल्ला करायचा त्याला थेट धमकी क्वचितच दिली जाते. मित्रांना मात्र बहुतेक वेळा आधी कळलेलं असतं. ‘गर्जेल तो पडेल काय’ हे आपल्या आज्यांना अहवालाविनाच ठाऊक होतं. पण आज्यांची वाक्यं फायलीला लागत नाहीत.

याच सुमारास व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी धमकी तोलायची पद्धत बसवली. रागाच्या भरात निघालेली, माफी मागून मिटणारी धमकी वेगळी. मागे बेत असलेली, खरोखर धोक्याची धमकी वेगळी. दुसरी असेल तर शाळा, समुपदेशक आणि पोलीस यांनी एकत्र बसायचं. पद्धत शहाणी आहे, टिंगल करण्याजोगी अजिबात नाही, त्यामुळे या सदराच्या दृष्टीने निरुपयोगी. व्हर्जिनियाने २०१३मध्ये सरकारी शाळांना अशी पथकं सक्तीची केली.

आता त्याच व्हर्जिनियातलं न्यूपोर्ट न्यूज शहर. तारीख ६ जानेवारी २०२३, पहिलीचा वर्ग, वय वर्षं सहा. मुलाकडे बंदूक असल्याची कुणकुण त्या दिवशी एकाहून अधिक कर्मचाऱ्यांनी वर पोचवली. एकीने दप्तर तपासलं, त्यात काही नव्हतं. मग बंदूक खिशात असेल, असं कुणीतरी सुचवलं. त्यावर वरिष्ठांकडून, शिक्षिकेच्या दाव्यानुसार, असा अभिप्राय आला की मुलाचे खिसे लहान आहेत. थोड्याच वेळात त्या लहान खिशाच्या मालकाने वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली. बाई वाचल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये ज्यूरीने त्यांना एक कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. खिशाचं माप घ्यायला शिंपी बोलावला असता तर फार स्वस्तात पडलं असतं.

आणि मिशिगनमधलं ऑक्सफर्ड, ३० नोव्हेंबर २०२१. पंधरा वर्षांच्या मुलाने गणिताच्या कागदावर बंदूक, रक्त आणि मदतीची याचना काढली होती. आदल्याच दिवशी तो वर्गात फोनवर काडतुसं शोधताना दिसला होता. आई-बापांना बोलावलं. ४८ तासांत समुपदेशन सुरू करा, असं बजावलं. आपल्याला काम आहे म्हणून ते मुलाला न घेताच गेले, आणि मुलगा पुन्हा वर्गात. चार दिवसांपूर्वी बापाने घेतलेलं पिस्तूल त्याच्या दप्तरात होतं. दप्तर कुणीही उघडलं नाही. दोनेक तासांनी चार मुलं गेली. धमकी तोलायचं धोरण शाळेच्या दफ्तरी व्यवस्थित होतं. ते वापरलं गेलं नाही, असं नंतरच्या चौकशीत निघालं. आई-बापांना २०२४मध्ये किमान दहा वर्षांची शिक्षा झाली.

न्यू जर्सीत नातू असलेल्या डोंबिवलीच्या आजीला हे सांगितलं, तर ती विचारेल, “अरे, पण दप्तर उघडून का नाही पाहिलं?” आजीला हक्क, वाजवी संशय, पालकांची संमती यांतलं काही कळत नाही. तिला फक्त दप्तर कळतं.

पेनसिल्व्हेनियाने मात्र २०१८मध्येच या घोळातून वाट काढली. एका शालेय जिल्ह्याने शिक्षकांना पाचशेच्या आसपास सोळा इंची बेसबॉल बॅटी वाटल्या. त्या मुख्यतः प्रतीकात्मक आहेत, असा खुलासाही केला. दुसऱ्या एका जिल्ह्याने प्रत्येक वर्गात नदीतल्या गोट्यांनी भरलेली बादली ठेवली. बंदूकवाला दारात आला की मुलांनी दगड मारायचे. बंदूक विकत कशी मिळते, घरात कुलपाविना का पडून असते, या कटकटीत बादलीला पडावं लागत नाही.

एक सूचना करावीशी वाटते. दगड रोज मोजून ठेवावेत. मधल्या सुट्टीत दुसरीतल्या एखाद्या पोराने त्यातला एक खिशात घातला, तर ते शाळेच्या आवारात शस्त्र बाळगणं ठरेल, आणि दगडाला खिसा लहान पडत नाही.