पन्नाशीची अट

आमचे साडूभाऊ ऑकलंडची नोकरी संपवून डोंबिवलीत परतायचं म्हणू लागले, तेव्हा त्यांना तिकडून दोनच गोष्टी आणायच्या होत्या: बायको आणि 1998ची टोयोटा करोला. बायको नातवंडं सोडून यायला तयार नव्हती. त्यामुळे सगळा जोर करोलावर आला.

ही करोला आधी जपानात नांदून मग जुन्या बाजारातून न्यूझीलंडला आलेली. तिथे निम्मं गाव अशाच गाड्यांतून फिरतं. स्टेअरिंग उजवीकडे, काटा किलोमीटरचा. एकच खोट होती. रेडिओ जपानी पट्टीचा, 76 ते 90 मेगाहर्ट्झ, म्हणजे मुंबईची खासगी स्टेशनं सुरू होतात तिथे त्याची हद्द संपलेली. "तेवढं आपण गाऊ," साडूभाऊ म्हणाले. मी त्यांचं गाणं ऐकलेलं आहे, पण गप्प बसलो.

घरडा सर्कलला रिक्षा ठरवली. कल्याणला आरटीओत चौकशी करायची, पण आधी साडूभाऊंना प्रीमियरची जागा बघायची होती, म्हणून मानपाडा रस्त्याने कल्याण-शिळ रस्त्याला लागलो. मेट्रो 12च्या कामाने रस्त्याचा आकार रोज बदलतो, तरी रिक्षावाल्याला तो पाठ होता. "परदेशी गाडी या मातीला नवी नाही," साडूभाऊ रिक्षातून हात बाहेर काढून सांगू लागले. खरंच होतं ते. प्रीमियर कंपनीने फियाटची 1100 घेतली आणि तिला पद्मिनी करून घरोघर पोचवलं. मग 1994च्या सुमारास प्यूजोशी हातमिळवणी करून कल्याणच्या कारखान्यात 309 काढली. युरोपात या मॉडेलची सद्दी तेव्हा संपत आलेली, म्हणजे साडूभाऊंच्या आधी अख्ख्या कंपनीला हीच कल्पना सुचली होती. 1997 मध्ये फ्रेंच मंडळी परत गेली. आता प्रीमियरच्या मैदानावर सभा होतात.

"पण काका," रिक्षावाला आरशातून म्हणाला, "लावणार कुठे?"

डोंबिवलीत हा प्रश्न आयात धोरणापेक्षा अवघड आहे. साडूभाऊंनी विषय बदलला.

पत्रीपुलावरून कल्याणात शिरलो. जुना पूल 1914चा. शंभरी ओलांडल्यावर, 2018 मध्ये उतरवला. पुढे साडूभाऊंच्या आग्रहाने दुर्गाडीपर्यंत गेलो. खाडी पाहिली की मला 'पेरिप्लस' आठवतं. पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीक भाषक खलाशी-व्यापाऱ्याची ती बंदरांची जंत्री. तो लिहितो की कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण राज्य बदललं आणि मग चुकून इथे लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. बाहेरचं वाहन कल्याणला आलं की त्याला दुसऱ्या बंदराची वाट दाखवायची, ही इथली रीत अशी दोन हजार वर्षांची आहे. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण घेतलं आणि या खाडीत जहाजंच बांधायला घेतली. आयातीच्या वाटेला न जाण्याचं शहाणपण त्यांच्यापाशी होतं, साडूभाऊंपाशी नव्हतं.

आरटीओबाहेर छत्री लावून बसलेल्या एजंटने विचारलं, "कुठलं पासिंग?"

"ऑकलंड."

त्याने क्षणभर उल्हासनगरच्या पलीकडे असं काही आहे का ते आठवून पाहिलं. मग झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर त्याने जे सांगितलं, ते सरकारी पुस्तकापेक्षा स्वच्छ होतं. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली नको. उतरवायची फक्त मुंबई बंदरात. मग पुण्याच्या एआरएआयकडे नाहीतर नगरच्या व्हीआरडीईकडे तपासणी. सीमाशुल्क गाडीच्या किमतीहून जास्त. "हे सगळं झालं की माझ्याकडे या. एमएच 05 चा चॉइस नंबर काढून देतो."

साडूभाऊंनी फक्त 'तीन वर्षं' एवढंच ऐकलं होतं.

कल्याणहून ठाण्याची लोकल धरली. नौपाड्यात एक काका आहेत, गोदीत क्लिअरिंगमध्ये जन्म गेलेले. त्यांना कायद्याच्या फटी माहीत असतात. गाडीने वेग घेतल्यावर साडूभाऊ हळूच म्हणाले, "16 एप्रिल 1853ला ठाण्याला पहिली गाडी आली. साहिब, सिंध, सुलतान, तिन्ही इंजिनं इंग्लंडहून आणलेली. त्यांना कोणी वय विचारलं?" शेजारच्या प्रवाशाने त्यांना बसायला जागा दिली.

काकांनी चहा मागवला आणि फट दाखवली. 2025पासून पन्नास वर्षं पुरी झालेली गाडी परवान्याशिवाय आणता येते. 2021च्या नियमांनी तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, वीस हजार रुपये भरायचे, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. मात्र ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची.

"म्हणजे पेट्रोल भरायला जाता येईल," साडूभाऊंचा चेहरा उजळला.

"हो. संपवायला नाही."

मी मनातल्या मनात हिशोब केला. तीन वर्षांपर्यंत गाडी ही गाडी, पन्नाशीनंतर वारसा. मधली सत्तेचाळीस वर्षं तिने कुठे काढावीत, याबद्दल सरकार मौन पाळतं. त्या खोलीत बसलेल्या तिघांपैकी कोणाही पुरुषाला हे नीट समजण्यासारखं होतं.

साडूभाऊंनी तिथूनच ऑकलंडला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. "गाडी विकू नकोस," ते उत्साहाने सांगत होते, "चांगलं जाड कव्हर घाल. 2048 मध्ये ती पन्नास वर्षांची होते, मग कोणाचा बाप अडवत नाही!"

फोन स्पीकरवर नव्हता, तरी मेव्हणीबाईंचा आवाज मला, काकांना आणि चहा आणणाऱ्या पोरालाही स्वच्छ ऐकू आला. "तोवर वेळोवेळी फिटनेस सर्टिफिकेट कुणाचं काढू? गाडीचं की तुमचं?"