अभ्यागत-निग्रह : संकेतस्थळकर्त्यांसाठी काही सूत्रे

ब्राउझरला द्यायच्या आज्ञांची जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या १० दिवसांत प्राथमिक स्वरूपात सिद्ध केली. तिच्या आज्ञा वाचकाच्याच संगणकावर पार पडत असल्याने वाचकाच्याच विजेवर त्याला जेरीस आणता येते; हे बलस्थान न ओळखता जे तिचा उपयोग केवळ सोयीसाठी करतात, त्यांच्यासाठी पुढील सूत्रे दिली आहेत.

१. माऊसची उजवी कळ निकामी करावी आणि ती दाबणाऱ्यास ‘मजकूर कॉपी करण्यास मनाई आहे’ अशी तंबी द्यावी. ज्यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही अशा तुकोबांच्या अभंगांच्या पानावर हा बंदोबस्त विशेष शोभतो. फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून उजवी कळ दाबली की मेनू उघडतो हे चोराला ठाऊक असते. एखादा शब्द उचलून कोशात पाहू इच्छिणाऱ्या वाचकाला ते ठाऊक नसते, म्हणून हा उपाय नेमका त्यालाच लागू पडतो.

२. पान उघडताच, एक ओळही वाचून होण्याआधी, ‘सूचना पाठवू का?’ असे विचारावे.

३. बँकेचा खातेक्रमांक दोनदा लिहवून घ्यावा, पहिल्यांदा ठिपक्यांआड, आणि दोन्ही चौकटींत पेस्टला मज्जाव करावा. पासबुकाच्या पीडीएफमधून उचललेला क्रमांक सहसा चुकत नाही, चुकते ते बोट, हा विचार मनात आणू नये. पासवर्ड पेस्ट करू द्यावा असे ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्येच सांगितले आहे. तिकडेही दुर्लक्ष करावे.

४. अर्ज लांबलचक ठेवून सेशन, म्हणजे सर्व्हरने वाचकाची ओळख धरून ठेवण्याची मुदत, आखूड ठेवावी, जेणेकरून रेशनकार्डावरची सगळी नावे भरून आणि फोटो कापून-छाटून ठरलेल्या केबीत बसवून झाल्यावर ‘पुन्हा लॉगिन करा’ एवढेच उत्तर मिळेल. अहो, निदान भरलेले तरी राहू द्या! अर्धवट अर्ज ब्राउझरच्याच साठ्यात जपून ठेवणे याच जावास्क्रिप्टला थोडक्या ओळींत जमते. रोमन कळा दाबताच देवनागरी उमटवणारे ‘गमभन’सारखे साधन हिच्यातच घडले आणि कीबोर्डाला बिचकणारे कितीतरी लोक त्यामुळे मराठीत लिहू लागले, हे आठवले की अधिकच चीड येते.

५. पॉप-अप, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या जाहिरातीच्या खिडक्या, २००४ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांनी अडवल्या, तेव्हा तीच चौकट पानाच्या आत, मजकुरावर आणून बसवावी आणि ती मिटवण्याची फुली फिकट करड्या रंगात, तिळाएवढी ठेवावी. पॉप-अप जाहिरातीची आज्ञावली लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. अनुयायांनी असा दुबळेपणा दाखवू नये.

६. शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे : संकेतस्थळकर्त्याने आपलाच अर्ज मोबाइलवर, एका बोटाने, रेंज येत-जात असताना कधीही भरून पाहू नये; एकदा भरला, तर वरील पाचही सूत्रे त्याच्या हातून सुटण्याचा संभव असतो.