सिनेमा सुटला की

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ऐतिहासिक सिनेमाला नेऊ नये. न्यायचंच झालं तर तिकिटं त्याला काढायला लावावीत. इतर गावांत लोक सिनेमा बघायला जातात; आमच्या लष्करात ते आपल्या माणसांना पडद्यावर नीट वागवलंय का, याची तपासणी करायला जातात. आणि वागवलेलं नाही, ही खात्री घरून निघतानाच करून घेतात.

गावच तसं आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला, तो उठायचा राहूनच गेला. तंबूंच्या जागी वाडे झाले आणि वस्तीचं नाव लष्करच राहिलं. म्हणून आमचं दळण जनकगंजात, शिंपी दौलतगंजात, औषधं पाटणकर बाजारात आणि आत्याबाई चिटणीस की गोठमध्ये. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलेली बाई दुपारी घरी येईपर्यंत अर्धी मराठेशाही ओलांडते. त्यात इथल्या प्रत्येक मराठी घराण्याचा मूळ पुरुष थेट महादजी शिंद्यांबरोबर आलेला. शंका घेतली तर कागद काढून दाखवतात. कागदांवरून एवढंच दिसतं की ते बहुतेक सगळे दप्तरात होते; लढत नेमकं कोण होतं, हे अजून मला कुठल्याच घरात कळलेलं नाही.

संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला आणि आमची पलटण निघाली. हे, चिरंजीव, ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई, शेजारच्या गुप्ता भाभी, आणि आत्याबाईंच्या शालीत लपवलेली गजक. आदल्या दिवशी पुण्याहून नणंदेचा फोन येऊन गेला होता. “वहिनी, शंभूराजे हिंदीत बोलतात गं, कानाला कसंतरीच होतं.” आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आमच्याकडे माणूस जेवतो मराठीत, पैसे मोजतो मराठीत आणि तापला की हिंदीत जातो. त्यामुळे औरंगजेबाला हिंदीत सुनावणं ही आम्हाला जगरहाटी वाटली. आमच्याच संस्थानातल्या श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले. त्यांनी निदान दोन भावांत वाटणी केली. आम्हाला ती एकाच वाक्यात करावी लागते.

आत्याबाईंना सगळ्यांत आवडला तो शंभूराजांचा सोबती कवी कलश. का, तर तो कनोजचा. “बघ ना, तिकडचा माणूस आपल्यांत येऊन कसा मिळून गेला!” आम्ही आपल्यांतून उठून तिकडे येऊन मिळून गेलेले, त्यामुळे हा जिव्हाळा समजण्यासारखा होता.

आता माझं मत. पहिल्या भागात सगळे इतके ओरडतात की स्वराज्यात बहिरेपणाची साथ आली होती की काय असं वाटावं. बोलायचं असलं की ओरडायचं, गप्प बसायचं असलं की मागून ढोल. लेझीमचा प्रसंग वादामुळे प्रदर्शनाआधीच काढून टाकला होता. मला विचारलं असतं तर मी लेझीम ठेवून ढोल काढले असते. शंभूराजांच्या राणी येसूबाईंच्या वाट्याला ओवाळणं आणि वाट बघणं आलं. ज्या बाईनं रायगडाला वेढा पडलेला असताना राजारामाला बाहेर काढण्याचा निर्णय घेतला आणि नंतर जवळजवळ तीस वर्षं मोगलांच्या कैदेत काढली, तिच्या हाती एवढंच? शिवाजी सावंतांची मूळ कादंबरी १९७९ ची. ती जड आहे, हातांना आणि कधीकधी डोक्यालाही, पण तिच्यात येसूबाई ताठ उभ्या आहेत.

शेवटच्या अर्ध्या तासाला मात्र मी हरले. थिएटरात हुंदके, गुप्ता भाभींचा पदर ओला, आणि आत्याबाई हिंदीत शिव्या देत होत्या. म्हणजे प्रसंग मनाला भिडला होता. आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यांत आवडला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब. तो हळू बोलतो. अडीच तासांच्या त्या गदारोळात हळू बोलणारा तोच. पण ‘औरंगजेब आवडला’ हे वाक्य आमच्या लष्करात मोठ्यानं उच्चारणं शक्य नाही. मी ते यांना मोटारीत, काचा वर करून सांगितलं. हे म्हणाले, “मलाही.” आणि काच नीट बंद आहे ना, ते पुन्हा बघितलं.

या ‘छावा’च्या दिग्दर्शकाशी, लक्ष्मण उतेकरांशी, आमच्या गावाचा जुना हिशेब आहे. त्यांनी २०१९ मध्ये ‘लुका छुपी’ काढला. गोष्ट मथुरेची, नायक कार्तिक आर्यन म्हणजे आमच्या ग्वाल्हेरचाच मुलगा, आणि बरंचसं चित्रीकरणही ग्वाल्हेरचं. म्हणजे गाव आमचं, पोरगा आमचा आणि नाव मथुरेचं. तो सिनेमा सबंध ग्वाल्हेरनं बघितला आणि त्याची गोष्ट ग्वाल्हेरमध्ये कुणालाही सांगता येणार नाही. नायक-नायिका प्रेमात पडत होते तेव्हा आम्ही त्यांच्या मागच्या भिंती बघत होतो. “अरे, ती आपली गल्ली आली!” “ते दुकान बघ, उधारीवाल्याचं!” नायिकेनं काही महत्त्वाचं सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत एक कुटुंब आपल्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे ओळखत होतं. असला आनंद मला कुठल्याच उत्तम सिनेमानं दिलेला नाही. तरी बाहेर येताना आत्याबाई फणकारल्याच. “मथुरा कशाला म्हणायचं? आपल्या गावाला काय नाव नाही?”

सिनेमाच्या बाबतीत आम्ही उगाच हक्क सांगतो असं नाही. सोहराब मोदी पोरवयात आमच्या महाराज बाड्यावरच्या टाउन हॉलमध्ये लोकांना सिनेमे दाखवत. पुढे याच माणसानं १९५३ मध्ये ‘झाँसी की रानी’ काढला, भारतातला पहिला टेक्निकलर सिनेमा. त्यासाठी ‘गॉन विथ द विंड’चे छायालेखक अर्नेस्ट हॉलर यांना आणलं, राणी केली स्वतःच्या पत्नीला, मेहताबला, आणि सिनेमा साफ आपटला. आत्याबाईंनी तो लहानपणी बघितला आहे. काय आठवतं विचारलं तर म्हणतात, “रंगीत होता.” समीक्षा इतक्या थोडक्यात आटोपणारे लोक आता उरले नाहीत.

राणीचा विषय निघाला की आमच्याकडे वातावरण जरा अवघडतं. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरला आले, जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले, आणि त्याच महिन्यात राणी कोटा की सरायपाशी लढताना पडली. तिची समाधी फूलबागेत आहे आणि शिंद्यांचा जयविलास महाल तिथून फार दूर नाही. एकाच रिक्षात दोन्हीकडे हात जोडून पुढे जायची आम्हाला सवय आहे. सुभद्राकुमारी चौहानांची राणीवरची कविता इथलं प्रत्येक मूल पाठ करतं, पण तीत शिंद्यांना इंग्रजांचे मित्र म्हणणारी ती ओळ जवळ आली की आमच्या घरात कुणाला तरी खोकला येतो. हल्ली तर तो कडव्याआधीच येतो.

‘मणिकर्णिका’ (२०१९) परवा टीव्हीवर पुन्हा लागला तेव्हा हाच प्रकार झाला. राणी ग्वाल्हेरच्या दिशेनं निघाली तसे घरातले सगळे आपापल्या कामाला उठले. कुणाला दूध तापवायचं होतं, कुणाला फोन आला. मी एकटीच बसले आणि पस्तावले. किल्ल्यावरून घोड्याची उडी, ती चालेल, लोककथेत ती आहेच. पण शेवटी राणी आगीत जाते आणि ज्वाळांचा ॐ होतो! आम्ही त्या समाधीवरून रोज भाजी आणायला जातो हो. इथं म्हातारी माणसं सांगतात ते साधं आहे: बाबा गंगादासांची कुटी, जवळ असलेलं गवत, घाईघाईत रचलेली चिता. त्या गवतापुढे तो संगणकावरचा ॐ म्हणजे लग्नाच्या मांडवावरची दिव्यांची माळ वाटली.

याच वर्षी एक नवी कोरी ऐतिहासिक कादंबरीही माझ्या नशिबी आली. नाव सांगत नाही, लेखक हयात आहेत आणि उत्साही आहेत. तिच्यात दर प्रकरणाच्या सुरुवातीला सूर्य उगवतो, दर प्रकरणाच्या शेवटी कुणाचे तरी नेत्र तेजाळतात, आणि मधल्या पानांत लोक एकमेकांना आधीच ठाऊक असलेला इतिहास सांगतात. चाळिसाव्या पानावर मी ती यांना दिली. यांनी ती विसाव्यावर चिरंजीवांना दिली. सध्या कपाटाच्या डगमगत्या पायाखाली तिचं बरं चाललं आहे.

पण ‘छावा’ लागला त्याच फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ग्वाल्हेरला ते १९२८ मध्ये भरलं होतं आणि पुन्हा १९६१ मध्ये. त्या वेळच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. त्यानंतर आम्हाला दिल्लीच जवळ. तिथून मी विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ आणलं. घरची प्रत कुणीतरी वाचायला नेली होती, म्हणजे गेली होती. आणि या वर्षभरात मला मनापासून आवडलेली एकमेव ऐतिहासिक कलाकृती म्हणजे हे १९०७ मध्ये छापलेलं पुस्तक.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज. दौलतरावांच्या राणी बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर, ही बातमी लागली आणि काकांना बरोबर घेऊन ते १८५७ मध्ये निघाले. मुहूर्त भटजींनीच काढला असणार. असा मुहूर्त पंचांगात शोधूनही सापडायचा नाही. बंडाच्या ऐन धुमाळीत ते महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी असे चालत राहतात आणि दक्षिणा मिळाली की लगेच कुणीतरी लुटतं. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. गोऱ्यांनी केलेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी बघितली, आणि तीही त्याच माणसाच्या डोळ्यांनी, ज्याला राणीच्या स्नानाचं पाणी किती तापतं याचीही चौकशी होती. वीरश्री नाही, नेत्र तेजाळत नाहीत. भूक लागते, भीती वाटते, पैसे जातात.

आणि मग काल्पीच्या वाटेवरची ती विहीर. झाशी पडलेली, राणी धुळीनं माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढायला पुढे होतात तर ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतः काढते आणि ओंजळीनं पिते. एवढंच. मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचत होते, भाजी करपली आणि कुणी काही बोललं नाही.

हे पुस्तक छापलं चिंतामणराव वैद्यांनी, जे ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला. भटजींच्या मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. नवख्यानं तीच घ्यावी. गुप्ता भाभींसाठी मी अमृतलाल नागरांचा हिंदी अनुवाद मिळवला, ‘आँखों देखा ग़दर’. त्या दोन दिवसांत वाचून परत आल्या. “भाभीजी, ये पंडितजी तो बिल्कुल हमारे फूफाजी जैसे हैं!” आत्याबाईंनाही वाचून दाखवलं. शिंद्यांची बाजू, राणीची बाजू, पेशव्यांची बाजू, कुणालाच खोकला आला नाही. भटजींची बाजू एकच होती, घरी जिवंत पोहोचायची, आणि तिला आमच्या घरात कुणाचा विरोध नव्हता.

तेव्हा हे वाचणारा कुणी सिनेमावाला असेल तर त्यानं मनावर घ्यावं. गोडसे भटजींवर सिनेमा काढा. ढोल नकोत, ॐ नको, विहीर तेवढी नीट दाखवा. ग्वाल्हेर तुम्हाला मथुरा म्हणून भाड्यानं मिळालं होतं. ग्वाल्हेर म्हणून दाखवणार असाल तर आमची गल्ली फुकट देऊ. गच्चीवरचे कपडेही काढून ठेवू.